टिकलीखालचं बटण

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दहिवलीला, घराच्या ओट्यावर चष्मा पुसत बसलो होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मी काहीतरी बोललो असेन, आता आठवत नाही. असा फोन आल्यावर माणसानं उठावं, कपडे बदलावेत, निघावं… मी मात्र आधी मोबाईलवर आमचं गाव उघडून बघितलं. ते होतं. दिनकर गेला होता आणि गाव जागेवर होतं. त्या क्षणी मला जे बरं वाटलं, त्याची रिक्षात बसल्यावर लाज वाटली.

आमचं गाव खालापूर तालुक्यात होतं. त्याचं नाव इथे लिहून उपयोग नाही, नकाशात त्या जागी आता निळा रंग आहे. आम्ही नोकरीला लागलो त्या सुमारास धरण झालं आणि माणसं पांगली. कुणी खोपोलीला, कुणी साजगावला, कुणी पार कल्याणपर्यंत. दिनकर बुद्धवाड्यातला, मी मधल्या आळीतला. चौथीपर्यंत आम्ही एका बसकरपट्टीवर बसलो. तो मला 'पुस्तक्या' म्हणायचा. पुढे मी खरोखरच ग्रंथपाल झालो, तेव्हा त्याचं श्रेय त्यानं बिनदिक्कत स्वतःकडे घेतलं. तो साजगावच्या एका कारखान्यात वायरमन होता. निवृत्त झाल्यावर बाकीचे देवळाच्या पारावर किंवा विहाराच्या पायरीवर बसतात. हा खोपोलीतल्या एका क्लासला जाऊन वेबसाइट बनवायला शिकला. वर्गातल्या मुली त्याच्या पुतणीच्या वयाच्या. "सगळ्या मला काका म्हणतात आणि माझी वही बघून लिवतात," असं तो सांगायचा. यातलं दुसरं खरं नसावं.

त्याला बनवायचं होतं ते गाव. आधी त्यानं हातानं नकाशा काढला, ओढा, विहीर, शाळा, आणि प्रत्येक घरासाठी एक चौकोन. चौकोनावर बोट ठेवलं की घर उघडायचं: फोटो, माणसांची नावं, दारातलं झाड. जी माणसं आता नव्हती त्यांच्या नावापुढे एक लहान फूल. फोटो मिळवणं सगळ्यात कठीण गेलं. घराचा फोटो मुद्दाम कोण काढतो? लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे जेवढं घर आलं होतं तेवढंच शिल्लक होतं. त्यामुळे आमच्या गावाच्या बहुतेक घरांसमोर आजही कुणीतरी मुंडावळ्या बांधून अवघडून उभं आहे.

गाव तयार झालं, पण ते त्याच्या घरच्या संगणकात. जगाला दिसायचं तर ते दूर कुठेतरी अखंड चालू असणाऱ्या दुसऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, चढवायला हवं. त्या दिवशी त्यानं मला साक्षीला बोलावलं. पडद्याचे दोन भाग होते. डावीकडे घरातलं, उजवीकडे सर्व्हरवरचं. त्यानं सर्व्हरचा पत्ता भरला, नाव भरलं, पासवर्ड भरताना मला तोंड फिरवायला लावलं. फायली भराभर उजवीकडे गेल्या. मोबाईलवर बघतो तर गाव नाही, सर्व्हरवाल्या कंपनीची जाहिरात. दिनकर चहा निवेपर्यंत पडद्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. "पत्ता बरोबर हाय रं पुस्तक्या, पण सामान शेजाऱ्याच्या ओसरीवर उतरवलंय." फोल्डर चुकला होता. तो बदलून त्यानं पुन्हा सगळं चढवलं, आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर आमच्या दारातलं रामफळ आलं.

दुसऱ्याच दिवशी वरच्या आळीतल्या भाऊकाकांचा फोन. आळीचं नाव वरची, कारण ती टेकाडावर होती. "नकाशात आमची आळी खाली का रं?" दिनकर म्हणाला, "काका, नकाशात वर उत्तर असते. तुमची आळी दक्षिणेला, मी काय करू?" "आणि तुमचा वाडा वर?" "तो पयल्यापासनं तिथंच हाय, काका. ओढ्याच्या पल्याड. तवा कुणी त्याला वर म्हणलं नव्हतं." काकांनी फोन ठेवला. पुढे बरेच महिने ते त्याच्याशी बोलले नाहीत.

मग तो दिवस. विजेच्या झटक्यानं जुना संगणक गेला होता, नवा आला होता. दिनकरनं फायली चढवायचं ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं, पत्ता, नाव, फोल्डर, सगळं या वेळी बिनचूक. उजवीकडे सर्व्हरवर गाव दिसत होतं. डावीकडे, नव्या संगणकात, काहीच नव्हतं. वर एक बटण होतं, दोन्ही बाजू सारख्या करण्याचं. त्याला वाटलं, उजवीकडचं गाव डावीकडे येईल. कुणालाही तसंच वाटलं असतं. सॉफ्टवेअरला घरातलं ते खरं एवढंच ठाऊक होतं. घरात काही नव्हतं, म्हणून त्यानं सर्व्हरवरचंही पुसायला घेतलं. धरणाचं पाणी आलं तेव्हा आधी ओढ्याकाठची घरं गेली होती. या वेळी ती इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं गेली. दिनकर एकेका घराचं नाव पुटपुटत होता… थांबवायचं कसं, ते त्याला सुचलं नाही. कंपनीला फोन केला, त्यांच्याकडेही प्रत नव्हती.

त्यानंतर तो जेवायला बसायचा आणि तसाच उठायचा. कुणाला सांगितलं नाही. शेवटी कल्याणहून येसूआत्याचा फोन आला, "दिनकर, माझं घर दिसंना रं. मी रोज बघते." तेव्हा त्यानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या हातून गाव पुसलं गेलं. माफी असावी.' पहिलं उत्तर आलं, "सरकारनं बुडवलं तवा मोबदला तरी दिला. तू काय देणार?" त्याखाली हसणारे चेहरे. आणि त्यांच्याखाली एक घर.

मग घरं येत राहिली. प्रत्येकानं आपापलं घर मोबाईलच्या पडद्यावरून उतरवून, म्हणजे स्क्रीनशॉट काढून, जपून ठेवलं होतं. कुणी झेरॉक्सच्या दुकानात छापून, फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. त्यांनी फ्रेमचाच फोटो पाठवला, काचेत ट्यूबलाइटसकट. दिनकरनं त्यातून गाव पुन्हा उभं केलं. काही घरांच्या आढ्यावर आजही मोबाईलची बॅटरी किती उरली ते दिसतं. ती पट्टी कापायला त्यानं नकार दिला. "ज्यानं जपलं त्याची खूण हाय ती," म्हणायचा.

एक घर मात्र येत नव्हतं, त्याचं स्वतःचं. आपलंच आहे म्हणून त्यानं ते कधी उतरवून ठेवलं नव्हतं, आणि त्याची आई उंबऱ्यात उभी असलेला एकुलता फोटो आधी जुन्या संगणकाबरोबर आणि मग सर्व्हरवरूनही गेला होता. तो उशिरा आला, भाऊकाकांकडून. खाली एकच ओळ, 'हे घे.' त्यांनी ते घर का जपलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. दिनकरनंही विचारलं नाही. त्यानं तो फोटो पडदाभर मोठा केला, आणि वहिनी चहाचं निमित्त करून आत गेल्या.

बाहेर आल्या त्या सरळ संगणकाशी गेल्या. "कुठलं ते बटण?" त्यानं दाखवलं. वहिनींनी कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावर बरोबर त्या जागी चिकटवली. "आता परत हितं जाल तर माझ्याशी गाठ हाय." तेव्हापासून त्या संगणकाला टिकली आहे. दिनकर आल्यागेल्याला ती दाखवायचा. शिवाय दर महिन्याला गावाची एक प्रत माझ्याकडे आणून द्यायचा. "तुझ्या लायब्ररीत ठेव," म्हणायचा.

दिनकर गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कुणी बाई वहिनींच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघून काहीतरी पुटपुटल्या. वहिनी म्हणाल्या, "आमच्यात तसलं काय नसतं. त्यांनाच आवडायची." मग गर्दी पांगल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, त्यांच्या नावाफुडं फूल ठेवायचं राहिलंय. तुमीच ठेवा."

मला भीती वाटली. "वहिनी, माझ्या हातून गाव गेलं तर?"

"टिकली हाय ना."

मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्याच्या घराचं पान उघडलं. आईच्या नावापुढचं फूल उचलून त्याच्या नावापुढे ठेवलं, म्हणजे फुलाची नक्कल केली. आईचं तिथेच राहिलं. मग डावीकडचं तेवढं एकच पान निवडलं आणि उजवीकडे पाठवलं. एक निळी रेघ सरकत गेली. मोबाईलवर फूल आलं. तरी मी थांबलो नाही, एकेक घर उघडून बघत गेलो, येसूआत्याचं, आमचं, रामफळ, ट्यूबलाइटचं, थेट खाली भाऊकाकांच्या आळीपर्यंत.

"गाव हाय?" वहिनींनी विचारलं.

"हाय," मी म्हणालो.

पडद्यावरच्या टिकलीचा डिंक सुकला होता, एक कड उचलली होती. वहिनींनी ती सोलून काढली. कपाळावरची काढून तिथे लावली आणि अंगठ्यानं दाबून धरली. मग फळीवरच्या पाकिटातली एक, आरशात न बघता, स्वतःला लावली.