मामाजींनी दोनदा कोरलेलं तोंड

माझे सासरे नागपूरजवळच्या खाप्याचे. जन्मभर त्यांनी सुतारकाम केलं. वखर, तिफण, खाचर म्हणजे बैलगाडी, आणि लहान मुलांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना नागपूरला, प्रताप नगरच्या घरी घेऊन आलो. येताना कपड्यांची एक पिशवी आणि अवजारांची पेटी एवढंच त्यांनी सोबत घेतलं. पेटी बाल्कनीत ठेवली, ती सहा महिने उघडली नाही. हाक मारली की जेवायला येत, आपलं ताट आपणच धूत आणि पुन्हा बाल्कनीतल्या खुर्चीवर जाऊन बसत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्या सहा महिन्यांत ‘मामाजी, जेवायला चला’ याच्या पुढे आमचं बोलणं गेलं नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रदर्शनासाठी माझ्या आठवीच्या वर्गानं एक समुद्री सरपटणारा प्राणी निवडला. डायनोसॉरांचं राज्य सुरू होण्याच्याही आधीचा, मगरीएवढा, चीनमधल्या खडकात सापडलेला. त्याच्या चित्रानं मुलं वेडी झाली होती. वरचा जबडा मधोमध उभा फाटलेला, जशी जॅकेटची उघडी चेन, आणि त्या फटीच्या दोन्ही कडांना बारीक दात.

हा प्राणी लाकडात करून द्याल का, असं मी मामाजींना भीतभीतच विचारलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली होती.

आठवडाभर बाल्कनीत भुसा पडत होता. धड झालं, शेपूट झाली, वल्ह्यासारखे पाय झाले. तोंडापाशी मात्र हात थांबला.

“हा खाईन कसा वं बाई?” त्यांनी विचारलं.

“चिखलातले किडे गाळून खात असेल म्हणतात.”

“असं चिरलेलं तोंड घेऊन? मले नाही पटून राहिलं.”

मला प्रदर्शनाची घाई होती. मी म्हटलं, “मामाजी, मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय. चित्रात आहे तसंच करा ना.”

त्यांनी मान हलवली आणि चित्रात होतं तसंच केलं. पुन्हा काही विचारलं नाही. माझं बोलणं मला त्या रात्री टोचलं, पण सकाळी कामाच्या धबडग्यात मी ते विसरलेही.

दोनेक वर्षांनी एका विज्ञान मासिकात बातमी वाचली. त्याच प्राण्याचे आणखी अवशेष मिळाले होते, कवट्या चांगल्या राहिलेल्या. तोंड फाटलेलं नव्हतंच. उलट पुढे दोन्ही बाजूंना पसरलेलं, हातोडीच्या डोक्यासारखं रुंद. पुढच्या कडेला पटाशीसारखे दात, समुद्रतळाच्या दगडांवरचं शेवाळ खरवडायला. तो साधा शाकाहारी जीव होता.

स्टाफरूममध्ये बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. घरी आले, पर्सही न ठेवता बाल्कनीत गेले.

“मामाजी, तुमचं बरोबर होतं. तोंड तसं नव्हतं.”

त्यांनी नवं चित्र बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, मी सांगत होतो ना. ते म्हणाले, “म्हंजे पोटभर खाऊन राहिला होता बिचारा.” मग विचारलं, “पण त्या लोकायचं चुकलं कसं?”

“पहिली कवटी दबून चेपली होती. तुकडे सरकले होते.”

“मंग दोष नको देऊ त्यायले. मोडक्या खाचरावरून अख्खं खाचर सांगणं मलेही जमत नाही.”

“चूक माझी होती,” मी म्हटलं. “तुम्ही बोलत होता आणि मी ऐकलं नाही.”

ते चष्मा पुसत राहिले. “मीच चूप बसलो. तुह्या सासूनं मले तसं बसू देलं नसतं. म्हणे, ‘पोटात नका ठेवू, बोला ना जी.’” आमच्याकडे राहायला आल्यापासून त्यांनी सासूबाईंचा विषय पहिल्यांदा काढला होता. मी तिथंच खाली बसले. त्या काय काय म्हणायच्या, ते दिवे लागेपर्यंत सांगत होते. गॅसवर वरणाचा कुकर लावायचा राहून गेला.

शाळेत ठेवलेला तो लाकडी प्राणी मी घरी आणला, आणि जुनं डोकं त्यांनी करवतीनं अलगद वेगळं केलं. नवं शिवणीच्या लाकडातून कोरलं. दात करताना पटाशीची धार अंगठ्यावर पाहत आणि स्वतःशीच हसत.

धड शाळेत परत नेलं, तेव्हा मुलांसमोर डोकं बसवायला मी त्यांनाही नेलं. त्यांनी फेविकॉल लावलं नाही. लाकडी खुंटीवर डोकं घट्ट बसवलं. एका मुलीनं विचारलं, “आजोबा, चिकटवत काहून नाही?”

“अजून एखादी कवटी भेटली तं? तवा पुन्हा करू.”

मुलीनं डोकं काढून, पुन्हा बसवून पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. आजोबांना तास संपेपर्यंत कुणी सोडलं नाही.

परतताना ते स्कूटरवर माझ्या मागं बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, “हा अंडी देये का पिल्लं?”

“माहीत नाही मामाजी. माझ्या वाचनात तरी आलं नाही.”

“सापडलं की मले सांगजो,” ते म्हणाले.