पडद्याखालची मोरपंखी स्कूटर

आमच्या डोणगावात उकंडराव राहतो. तीन एकर कोरडवाहू, एक म्हैस आणि सव्वीस वर्षांची स्कूटर, एवढा त्याचा पसारा. आमची नाटक मंडळी चालू होती तेव्हा सामानाच्या पेट्या त्याच्याच बैलगाडीतून गावोगाव जायच्या. खेळ झाला की आम्ही नटमंडळी कौतुक ऐकत बसायचो आणि हा एकटा पडद्यांच्या घड्या घालायचा. त्याला स्टेजवर कधी कुणी बोलावलं नाही, त्याने कधी मागितलंही नाही. मी राजाची कामं करायचो, म्हणून तो मला आजही ‘महाराज’ म्हणतो. या माणसाशी मी कसा वागलो, ते लिहायला बसलो आहे.

त्याच्या मुलीला, सुचिताला, मेहकरच्या एका पतसंस्थेत नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून उकंडरावने स्कूटर तिला द्यायची ठरवली. पण पत्रा गंजून त्याचे पापुद्रे सुटत होते.

“पोरगी चार लोकांत जाईन, महाराज,” तो म्हणाला. “तिले लाज नाही वाटली पायजे. गॅरेजवाल्याचं आपल्याले झेपत नाही. घरीच मारतो रंग.”

सुचिता तेव्हा धामणगाव बढ्याला मावशीकडे गेली होती. ती शनिवारी यायची होती. तिच्या आवडीचा मोरपंखी रंग एका डब्यात आणला गेला. उकंडराव रोज निंबाखाली बसून पॉलिशपेपरने गाडी घासू लागला. मी समोर खुर्ची टाकून त्याला सूचना द्यायचो. चार दिवस झाले तरी तो घासतच होता.

“अरे, रंग कधी लावशील?”

“गंज राह्यला तं वरचा रंग किती दिवस टिकन?”

“उकंड्या, मी महाल रंगवलेत. फाटक्या गोणपाटावर सिंहासन उभं केलंय.”

“हाव, पण ते एका खेळापुरतं असे,” तो हसून म्हणाला.

त्याच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते लागलं.

शुक्रवारी त्याने गाडीला रंगाखालचं राखाडी अस्तर दिलं आणि म्हशीचं औषध आणायला मेहकरला गेला. जाताना बजावून गेला, “आज हात नका लावू. उद्या सकाळी एक पातळ हात देऊ, दुपारपर्यंत वाळन.” तो वळणाआड गेला आणि मी डबा उघडला. त्याला थक्क करायचं होतं. नाटकात पडदा रंगवताना प्रेक्षकांकडची बाजू जीव ओतून करायची, मागची कोण बघतो? तीच सवय हातात होती. रस्त्याकडची बाजू मी जाडजूड, झगझगीत केली आणि दुसऱ्या बाजूला पुरेल एवढा रंगच उरला नाही. तो पातळ करायला टर्पेंटाइन नव्हतं. ओसरीवर शेतातल्या इंजिनाच्या डिझेलचा कॅन होता. त्यातलं मी ओतलं, ढवळलं आणि बाकीची गाडी उरकली.

परतल्यावर उकंडराव गाडीभोवती एक फेरी मारून आला. “सुकन का हे?” एवढंच त्याने विचारलं.

“उद्यापर्यंत खडखडीत!” मी म्हणालो. डिझेलचं बोललो नाही.

शनिवारी दुपारीही रंग बोटाला लागत होता. तोवर मात्र मी अर्ध्या गल्लीला चार वाजताचं आमंत्रण देऊन बसलो होतो. पेटीतून मंडळीचा शेवटचा मखमली पडदा काढला.

“महाराज, पडदा नका टाकू. वलं हाये अजून.”

“पडद्याशिवाय कुठं प्रवेश होतो का बे?” मी म्हणालो आणि त्याच्याच हातांनी पडदा टाकवून घेतला.

सुचिता आली. मी दोन शब्द बोललो, दोनाचे दोनशे झाले. मग तिने पडदा ओढला. तो निघेना. तिने जोर लावला, तेव्हा चरचरत निघाला, आणि रंगाचे पट्टेच्या पट्टे सोबत घेऊन आला. जिथे रंग राहिला, तिथे लाल मखमलीची लव चिकटली होती.

“अवं माय!” शेजारच्या वच्छलाबाई ओरडल्या. “गाडीले गजकर्ण झालं की काय व!”

सगळे हसले. सुचिताही हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. उकंडरावने माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या माझ्या आवाजात म्हणालो, “दुकानदाराने खोटा रंग दिला! फसवलं आपल्याला!”

सगळ्यांना ते पटलं. उकंडरावलाही.

रविवारी संध्याकाळी सुचिता माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

“काका, रंगात डिझेल तुम्ही घातलं का?”

माझी नजर उंबऱ्यावर गेली.

“बाबा डबा घेऊन दुकानात भांडाले गेले होते. दुकानवाल्या सौमित्रभाऊनं डबा हुंगला अन् सगळ्या गिऱ्हाइकाइसमोर म्हणाला, डिझेल हाये यात, अन् मले चोर म्हणता? बाबाले तवा समजलं. पण ते म्हणाले, माह्याच हातून पडलं असन. हात जोडले त्याइनं, काका. बाबानं तं डब्याले हातबी नव्हता लावला.”

एवढं बोलून ती गेली. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी तिने गाडी काढली. उकंडरावने सुटलेला रंग खरवडला होता. कुठे राखाडी, कुठे मोरपंखी. मी रस्त्यात उभा राहिलो. “पोरी, मला रंगाच्या दुकानापर्यंत सोड.”

तिने गाडी थांबवली. “बसा.”

त्या गाडीवर मागे बसून मी बाजारातून गेलो. लोक गाडीकडे बघत होते, मग माझ्याकडे. सुचिता मला उतरवून मेहकरच्या रस्त्याला लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

सौमित्र खिळे तोलत होता. मी म्हणालो, “डिझेल मी घातलं. तुमचं नाव मी घेतलं. उकंडरावचा यात दोष नाही.”

“जरा मोठ्यानं बोला, काका,” तो मान वर न करता म्हणाला. “उकंडराव आले तवा दुकानात लोकं होते.”

आजही तिघे होते. मी पुन्हा बोललो. हजारो माणसांपुढे उभा राहिलेला मी, तिघांपुढे काउंटरला धरून उभा होतो.

परतलो तेव्हा उकंडराव म्हशीला पाणी दाखवत होता. माझ्याआधी बातमी पोचली होती.

“काऊन गेले दुकानात? मी निभावून नेलं होतं.”

“म्हणूनच गेलो.”

“तिथं आता मीच खोटा ठरलो.” त्याने बादली खाली ठेवली. “खरं बोलले, बरं झालं. पण पोरगी पहिल्या दिवशी तशाच गाडीवर गेली.”

त्याने दुसरी बादली भरली. मी अंगणात उभाच होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला बसा म्हटलं नाही.