मागच्या सीटवर

तुम्हाला म्हणून सांगतो — आणि हे 'तुम्हाला म्हणून'सुद्धा खोटंच आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची माझी छाती नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या मित्रांना तर नाहीच नाही. त्यांच्यात मी आदर्श नवरा म्हणून प्रसिद्ध आहे. गणपतीत सगळ्यांची भांडी घासतो, थंडीत नंदाला तिच्या हॉस्पिटलच्या लॅबमधून आणायला गाडी घेऊन जातो, घरात आवाज चढवत नाही. नॉटिंगहॅममधल्या बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. मी हसतो. दुसरं काय करणार?

स्कूटरची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. कोणाकडे जेवायला गेलं, की पानावरून उठायच्या आधी नंदा ती सांगतेच. ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही दोघं स्पेनच्या कॅनरी बेटांवर गेलो होतो, फेब्रुवारीत, स्वस्तातलं पॅकेज हॉलिडे घेऊन. लग्नानंतरची आमची पहिली सुट्टी. मी तेव्हा ऑर्थोपेडिक्समध्ये रजिस्ट्रार — म्हणजे ड्यूट्यांचा रोटा जिकडे फेकेल तिकडे जाऊन पडायचं. बेट सगळं उघडं, बोडकं. इंग्रज लोक समुद्रावर जाऊन भाजून घेत होते आणि नंदा पहिल्या दिवसापासून उलट्या बाजूला बघत बसलेली. डोंगरांकडे. तांबडे, करडे, एक झाड नाही अंगावर.

"अहो, हे माण आहे," ती म्हणाली. "आमचं माण आहे हे!"

नंदा माण तालुक्यातली. सातारा जिल्ह्यात, पण पाऊस वाट चुकतो तो भाग. तिचे वडील, अण्णा, शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी. वाड्यावस्त्यांवरच्या शाळा तपासत स्कूटरवरून हिंडायचे आणि सुट्टीच्या दिवशी मागे ही. दहावी झाल्यावर त्यांनीच हिला स्कूटर शिकवली. गावात बायका खिडक्यांतून बघायच्या म्हणे. मी पुण्याचा, सायकलवाल्यांच्या गावचा, पण दोन चाकांवर तोल मला कधी साधलाच नाही.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉटेलजवळच्या दुकानातून भाड्याने स्कूटर घेतली. लायसन्स माझं. दुकानदाराने किल्ली माझ्या हातात दिली, मी ऐटीत बसलो आणि पहिल्याच वळणावर एका कुंडीत घुसलो. नंदा हसून हसून रस्त्यात बसली. मग म्हणाली, "उतरा. व्हा मागे." माझी जुनी पँट घातलेली, ओढणी कमरेला बांधलेली, केस मोकळे. तिने हँडल धरलं आणि आम्ही निघालो.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. इथपर्यंत मी पण हसतो.

आता पुढचं. पुढचं सांगायचं तर मला आधी थोडं मागे जावं लागेल, आणि मी बघा कसा तिकडे जायचं टाळतोय. ऑर्थोपेडिक्स काय, कुंडी काय.

निघायच्या आधी दोन दिवस, दुपारी फोन आला. नंदा वर बॅग भरत होती, गुणगुणत होती. जिन्यावरून ऐकू येत होतं. फोन दादांचा — तिच्या थोरल्या भावाचा. तालुक्याच्या गावाहून, दहिवडीच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावलेला. ओरडून बोलत होते बिचारे.

"डॉक्टर, अण्णांचं काय खरं नाही बघा. सारखं नंदीचं नाव घेत्यात. तिला घिऊन या, नायतर एकटीला धाडा. द्या तिला फोन."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ती ड्यूटीवर आहे.

ती वर होती. माझ्या डोक्यावर, एका लाकडी छताच्या पलीकडे. हाक मारली असती तर फोन धरून ठेवा म्हणायच्या आत खाली आली असती.

दादा म्हणाले, सकाळी परत लावतो. रात्रभर मी जागा. म्हणजे चुकून, घाबरून, तोंडातून निघून गेलं, असंही म्हणायची सोय नाही मला. आख्खी रात्र होती. सकाळी ती अंघोळीला गेली आणि मी ड्रेसिंग गाऊनमध्ये फोनपाशी पहारा देत उभा राहिलो. वाजल्या वाजल्या उचलला. "दादा, विचारलं तिला," मी म्हणालो. "सुट्टी मिळत नाही म्हणते. पुढच्या आठवड्यात बघू म्हणते."

म्हणते! तिच्या तोंडी घातलं मी ते वाक्य. नुसतं लपवलं असतं तर वेगळं होतं का? नाही, पण हे जास्त घाण होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग दादा म्हणाले, "बरं."

का केलं? इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळी कारणं सांगत आलोय. पॅकेजचे पैसे परत मिळणार नव्हते. रोटा बदलायला कन्सल्टंटचे पाय धरले होते. डॉक्टर म्हणून वाटलं, म्हातारी माणसं पडतात आणि उठतात, आठवड्याने काय बिघडतंय. सगळं थोडं थोडं खरं आहे आणि कशालाच अर्थ नाही. खरं कारण असं — आदल्या हिवाळ्यात एकदा मी ऑन-कॉल संपवून घरी आलो, तर ही कोट घालून, दिवा न लावता, जिन्याच्या पायरीवर बसलेली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मी थोडे दिवस घरी जाऊन येते." घरी. आणि आम्ही आमच्याच घरात होतो, मॉर्गेज काढून घेतलेल्या. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. ही एकदा गेली की येणार नाही. मला ती हवी होती हो. नुसती इथे असायला नाही, हसायला, माझ्याकडे बघायला, एकदा तरी. मला तो आठवडा हवा होता आणि मी तो घेतला. तिच्या बापाकडून घेतला.

बस. हेच ते. बाकी आता काय उरलं, तो दिवस.

दिवसभर मी तिच्या मागे बसलो होतो. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, मला तिचा दिसत नव्हता. तिचा कान माझ्या तोंडापासून वीतभर. सांगायला याहून सोपी जागा असते का कुठे? रस्ता घाटासारखा वळणं घेत वर चढत होता. दोन्हीकडे दगडी बांधांच्या ताली, वाळलेला ओढा, फड्या निवडुंग. आणि एका वळणावर ओळीने घायपात! तिने कचकन ब्रेक मारला. खाली उतरून त्या घायपाताला हात लावून आली. तिकडे गावात म्हणे लोक त्याचे दोर वळायचे आणि हिने आणि दादाने मिळून पानांवर काट्याने आपापली नावं कोरली होती. "दादाचं अजून असेल," म्हणाली. शेळ्यांचा कळप आडवा आला तर ही शेळ्यांशी मराठीत बोलली. एका खेड्यात, पांढऱ्या चर्चच्या समोर, एका म्हातारीकडून शेळीच्या दुधाचं चीज घेतलं, पावाबरोबर खाल्लं आणि चुकचुकली, "भाकरी हवी होती." त्याच म्हातारीच्या शेजारच्या दुकानातून अण्णांसाठी गवताची हॅट घेतली. माझ्या डोक्यावर घालून माप बघितलं. अण्णांचं डोकं माझ्याएवढंच आहे म्हणे.

मी हॅट घालून उभा राहिलो. बरी बसते, म्हणालो.

दुपार कलताना एका खिंडीत पोचलो. वारा असा, की स्कूटर धरून उभं राहावं लागत होतं. खाली डोंगरामागे डोंगर, नुसती माती आणि सावल्या. नंदाने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "अण्णांना इथे आणायला पाहिजे. वैतागतील बघा. म्हणतील, एवढा समुद्र ओलांडून आणलंस आणि दाखवलंस काय, तर माणच?" आणि हसली, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि माझा हात धरला. आपणहून. किती महिन्यांनी!

तेव्हा बोललो असतो तर? रात्रीच्या विमानाने निघाली असती. दोन-एक दिवस तरी मिळाले असते तिला बापाजवळ. हे मी अंदाजाने बोलत नाही, नंतर मला सगळं कळलं ना, ते कधी गेले, कसे गेले, शेवटपर्यंत शुद्धीवर होते ते.

मी म्हणालो, "चल, उशीर होईल."

उतरताना ऊन तिरपं झालं होतं. मी तिच्या पाठीला डोकं टेकलं होतं. ती वाऱ्यात ओरडून म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात अण्णांना बोलवूया हं!" मी "हो" म्हणालो. तिला ऐकू गेलं नसावं, कारण तिने परत विचारलं. मी परत "हो" म्हणालो.

आम्ही घरी पोचलो त्याच दुपारी फोन वाजला. तो मीच उचलला, हे सांगायला नको. दादा या वेळी ओरडत नव्हते. "अण्णा गेले. सगळं उरकलं. तिला सांगा. आणि म्हणावं, आता सुट्टी मिळाली तरी घाई नको." मी तिला पहिलं तेवढं सांगितलं. ती हॉलमध्ये कोट न काढताच खाली बसली. हॅट हातात होती.

तिकीट मिळेपर्यंत दिवस गेले, तेराव्याला ती पोचली. परत आल्यावर एकदाच बोलली त्याबद्दल. एस.टी. स्टँडवर दादा घ्यायला आले होते, चार माणसांत म्हणाले, "आलात? मिळाली का सुट्टी?" नंदाला वाटलं, परदेशात राहणाऱ्यांना सगळेच मारतात तसा टोमणा. पण दादाने? "अहो, दादा मला 'आलात' म्हणाला. मी काय केलं हो त्याचं?"

मी काय म्हणालो माहितीये? "तिकडच्या लोकांना इथलं कळत नाही गं." दादा — ज्यांनी कर्ज काढून आमचं लग्न करून दिलं — त्यांना मी तिकडचे लोक केलं.

आधी दर दिवाळीला कोणी ना कोणी येणाऱ्याबरोबर भाऊबीजेची साडी यायची आणि कारळ्याच्या चटणीची बरणी, तिच्या झाकणाला फडकं बांधलेलं. ते थांबलं. नंदा राखी पाठवत राहिली, पत्रं लिहीत राहिली. मग पत्रं लहान झाली. मग नुसती राखी. एका गणपतीत कोणी तरी विचारलं, माहेरी कधी जाणार, तर हसून म्हणाली, "छे, आता कोण आहे तिकडे?" मी शेजारीच उभा होतो, भांडी घासत.

आमची केतकी इथलीच. नव्वदच्या आगेमागे झालेली. मध्यंतरी तिला शाळेत काही तरी लिहून न्यायचं होतं. आईला विचारत होती, "ममा, तुझी बेस्ट दिवस कोणती?" नंदाने हॉलमधल्या खुंटीवरची हॅट काढून पोरीच्या डोक्यावर घातली आणि स्कूटरची गोष्ट सांगितली. घायपात, शेळ्या, कुंडी, सगळी. केतकी म्हणाली, "बाबा पण हॅपी होता?" नंदा म्हणाली, "तुझा बाबा ना? मागे बसून माझ्या पाठीवर झोपला होता."

मी मनात म्हणतो, आता सांगितलं तर तिचा तोही दिवस जाईल, म्हणून नाही सांगत. ऐकायला किती छान वाटतं, नाही? तिच्यासाठी गप्प बसलेला माणूस! साफ खोटं आहे. मी माझ्यासाठी गप्प आहे.

या वर्षी वहिनींचा फोन आला. दादांचं हृदय. मुंबईला हलवलं होतं, पण आशा नव्हती. या वेळी मी धावत जाऊन नंदाला बोलावलं, फोन तिच्या हातात दिला — बघा, किती सुधारलो! तिने ऐकून घेतलं, ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसली. त्याच पायरीवर. मी म्हणालो, तिकीट काढतो, आत्ताच्या आत्ता. तिने मान हलवली. "जाऊन काय करू? त्याला मी नकोय. मरताना तरी कशाला त्रास देऊ?"

एक वाक्य होतं. 'त्याला वाटतं तू आली नाहीस, पण तुला मी सांगितलंच नव्हतं.' एवढंच. दोघं बहीण-भाऊ जिवंत होते अजून. फोन समोर होता. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि नाही बोललो.

दादा चौथ्या दिवशी गेले.

गेल्या रविवारी ती हॅट पुसत होती. गवत आता ठिसूळ झालंय, कडेने तुटतंय. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, त्या डोंगरात परत एकदा जाऊया? माझं माहेर आता तेवढंच राहिलंय." म्हणाली आणि स्वतःच हसली. मी लगेच हो म्हणालो. तिकिटं काढलीत. तेव्हाच्या हॉटेलचं नाव आठवत नव्हतं, तिला आठवलं.

खिंडीत पोचल्यावर मी बोलेन की नाही, ते इथे लिहीत नाही. माझ्या बोलण्याला काय किंमत आहे, ते तुम्ही आता वाचलंच आहे.

स्कूटर ती चालवणार. मी मागे.