तक्त्यात नसलेला ‘ळ’

बारामतीतल्या एका दैनिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. चमत्काराची बातमी आली की एकच प्रश्न विचारायचो — दुजोरा कोणाचा? बहुतेक बातम्या तिथेच संपायच्या. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. खाली लिहिलंय ते फक्त घडलं तसं आहे.

यासीनचाचा इंदापूरचे. सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि यात्रांच्या दिवसांत तालुकाभर कुस्त्यांचं निवेदन. क्रीडा पानासाठी निकाल मला फोनवर तेच सांगायचे, तिथली आमची ओळख. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते खिशातल्या वहीत लिहून बोलतात.

मला मायक्रोकंट्रोलर आणि एलईडीचा नाद आहे. चाचांसाठी मी पाच फुटी एलईडी मॅट्रिक्स बोर्ड बांधला. एक कंट्रोलर बोर्डामागे, दुसरा चाचांच्या मांडीवरच्या कीबोर्डला. त्यांनी टाइप केलेलं वायरलेसने बोर्डावर उमटायचं. तयार देवनागरी फॉन्ट इतक्या थोड्या ठिपक्यांत गिचमिड दिसत होता, म्हणून प्रत्येक अक्षर आलेखाच्या कागदावर काढून मी त्याचा तक्ता प्रोग्रॅममध्ये भरला. तक्त्यात नसलेलं अक्षर आलं की रिकामा चौकोन पेटायचा.

निरवांगीच्या कुस्ती मैदानात यात्रा कमिटीच्या तात्यांनी स्पष्टच सांगितलं, “चाचा, पयल्या कुस्तीला बगू. न्हाय जमलं तर अकलूजचा माईकवाला आणलाय. त्यो काय, हितंच बसलाय.”

चाचांनी वहीत लिहिलं — ‘त्याला च्या पाजा. बसून बसून कट्टाळंल.’

तात्या हसले, पण माईकवाला हलला नाही. आज बोर्ड बंद पडला असता तर चाचांना पुन्हा कोणी मैदानात बोलावलं नसतं. हे त्यांनाही माहीत होतं.

दुपारी मंडपात चाचणी घेतली. चाचांनी डावांची नावं टाइप केली. ढाक. घिस्सा. एकचाक. सगळी स्वच्छ. मग ‘मोळी’... ‘मो’च्या पुढे रिकामा चौकोन.

शाळेत म्हणतात तसं मी ‘अ’पासून ‘ह’पर्यंत भरून थांबलो होतो. ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. लॅपटॉप बारामतीत, घरी टेबलावर.

चाचांचे खांदे हसून हलायला लागले. वहीत ओळ आली — ‘पेपरवाले, तुमी ळ खाल्ला व्हय?’

ठरलं असं, की कोणी मोळी डाव टाकलाच तर फक्त ‘चितपट’ लिहायचं.

पहिल्या कुस्तीला बोर्डावर ‘पट काढला’ उमटलं. मग ‘निसटला’. तिसऱ्या शब्दाला एक गंमत झाली — लोक एका सुरात मोठ्याने वाचू लागले. चाचा टाइप करायचे आणि अख्खं मैदान ओरडायचं. तात्यांनी माईक गुंडाळून ठेवायला सांगितला.

शेवटची कुस्ती बराच वेळ अडली होती. अचानक बारामतीच्या पोराने समोरच्याची मान आणि पाय एकत्र कवटाळून त्याची लाकडांसारखी मोळी बांधली. बोर्ड पेटला — ‘मोळी’. दोन्ही गाठींचा, पूर्ण ‘ळ’.

“मोळीऽऽ!” मैदान कडाडलं. त्यानंतर पाठ मातीला लागली.

हलगी घुमली. तात्यांनी विजेत्याच्या आधी चाचांच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि मागे वळून म्हणाले, “माईकवाल्या, जेवल्याबिगर जाऊ नगंस बाबा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ता तपासला. ‘ह’नंतर काही नाही. ‘मोळी’ टाइप केलं — चौकोन. पुन्हा केलं — चौकोन. मी इंदापूर गाठलं.

“चाचा, त्या वेळी नेमकं काय दाबलं होतं?”

ते चाकाच्या तारा आवळत होते. पाना खाली ठेवून त्यांनी वही घेतली.

‘दाबलं कुठं? मी वरडलो.’

तात्यांच्या मोबाईलमधला व्हिडिओ मी मागवून पाहिला. चाचा उभे आहेत, दोन्ही हात वर, तोंड उघडं. कीबोर्ड पायाशी मातीत पडलाय. मागे बोर्डावर ‘मोळी’.

बिघडलेली मेमरी, दुसऱ्या कुणाचा सिग्नल, सैल वायर — सगळं तपासलं. बिघाडाने ठिपके कसेही पेटू शकतात. पण त्यांचा नेमका शब्द होत नाही, तोही नेमक्या क्षणी. यापलीकडे मला काही सांगता येत नाही. ‘ळ’ मी त्याच आठवड्यात भरला. तो आता कळ दाबली तरच दिसतो.

चाचांना कारण शोधण्यात रस नाही. तालुक्यातल्या पुढच्या मैदानांची निमंत्रणं आली आहेत, आणि त्यांना बोर्ड आणखी मोठा हवाय.