पिक्चर सांगणारा अन्वर

सकाळी भाजी घ्यायला गेलो होतो, तेव्हा अन्वरच्या बायकोचा, नसीमभाभींचा फोन आला. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत. दिसत नसल्यामुळे नंबर लावून द्यायला त्यांना कुणीतरी लागतं. "भाऊ," त्या म्हणाल्या, "हे गेले..." एवढंच. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. भाजीची पिशवी गाडीवरच राहिली आणि मी तसाच जळगावच्या स्टँडवर जाऊन धुळ्याची एसटी धरली. पण पोचलो तेव्हा लोक कब्रस्तानातून परतू लागले होते. अन्वरच्या कबरीवर मी तीन मुठी माती टाकली आणि तिथेच उभा राहिलो. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, असं मागून कळलं. याला महिना होऊन गेला. घरात काहीही लागलं, टीव्ही नाहीतर मोबाइल, आणि नव्या पिक्चरची जाहिरात सुरू झाली की मी अजून तिथून उठून जातो.

अन्वर धुळ्याचा, पिंजाऱ्याच्या घरातला. वडील गाद्या भरायचे. मी जळगावच्या एका थिएटरात प्रोजेक्टरचं मशीन चालवायचो आणि तो पोस्टरांची भेंडोळी घेऊन यायचा, तेव्हाची आमची ओळख. पोस्टर चिकटवणं हे त्याचं काम, पण खरी कमाई गळ्याची. रिक्षावर भोंगा बांधून तो बाजाराच्या गावांतून फिरायचा आणि पिक्चर असा काही सांगायचा की माणसं वजनकाटा सोडून ऐकत राहायची. एकदा थिएटरच्या मालकानं त्याला सांगितलं, वाघाशी झुंज आहे म्हणून पुकार. अन्वरनं पिक्चर पाहिला नव्हता. नरडाण्याच्या बाजारात त्यानं तो वाघ असा डरकाळ्या फोडत उभा केला की थिएटर भरून गेलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी नातवाला घेऊन त्याच्या रिक्षापुढे आली.

"भाऊ, तुना वाघ कथा शे रे? बठ्ठा पिच्चर सरना, वाघ काही उना नही."

रागावली नव्हती ती. खरंच विचारत होती, सगळा पिक्चर संपला तरी वाघ आला नाही, तो आपल्याच नजरेतून सुटला की काय म्हणून. अन्वरनं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. पुढच्या प्रत्येक वेळी तो कमी कमी हसत गेला.

मग तो मुंबईला गेला. ट्रेलर तयार करणाऱ्या एका स्टुडिओत आधी रिळांचे डबे उचलले, मग कापाकापी शिकला, आणि अर्धं आयुष्य त्यानं तिथल्या एसीच्या अंधारात काढलं. अडीच तासांच्या पिक्चरमधून दोन मिनिटं निवडायची, आणि तीही अशी की माणूस घरून उठून थिएटरला आला पाहिजे. किती पिक्चर त्यानं असे चालवले असतील! पण ट्रेलरवर कापणाऱ्याचं नाव येत नाही. जळगावात आमच्या पडद्यावर त्याचं काम लागलं की मी शेजारच्याला सांगायचो, हे आमच्या अन्वरचं. शेजारचा म्हणायचा, कोण अन्वर?

नसीमभाभींची नजर साखरेनं कमी होत होती, तेव्हाची गोष्ट. एका निर्मात्यानं पिक्चरमध्ये नसलेली मारामारी ट्रेलरात घालायला सांगितली. अन्वर नाही म्हणाला. निर्मात्यानं आवाज चढवला, यानं कात्री... म्हणजे कॉम्प्युटर बंद केला आणि घरी आला. काम गेलं. पुढे बरेच दिवस दुसरं मिळालं नाही. भाभींचे उपचार सरकारी दवाखान्यात सुरू राहिले, पण नजर गेली ती गेलीच. मुंबईला भेटायला गेलो तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, चार दिवसांसाठी ऐकलं असतंस तर?" तो म्हणाला, "आणि ती म्हातारी पुन्हा समोर आली असती तर, भाऊ?" हे त्यानं ठामपणे म्हटलं. पण लगेच मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे भाभी भिंतीला हात लावत चालायला शिकत होत्या.

दोघं धुळ्याला परत आले. पुढच्या खोलीत त्यानं कॉम्प्युटर मांडला आणि खान्देशी बोलीतल्या पिक्चरांचे ट्रेलर करू लागला. इथे ना बजेट, ना नावाजलेले चेहरे. तरी तो तितक्याच जिवानं बसायचा. आणि शेजारी भाभी. एकेक तुकडा लावून तो त्यांच्या कानाशी हळू आवाजात सांगत जायचा... आता केळीची बाग आहे, संध्याकाळ आहे, मुलगी पळतेय, एका पायात चप्पल नाही. भाभी मध्येच म्हणायच्या, "थांबा, कोणत्या पायात?" तो मागे जाऊन बघायचा आणि सांगायचा. मृत्यूच्या थोडे दिवस आधी मी गेलो तेव्हाही हेच चाललं होतं. चेहरा उतरला होता त्याचा, चार पावलं चालून दम लागत होता. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणाला, "हा पिक्चर लागू दे."

परवा मी भाभींना भेटायला गेलो. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. भाभी म्हणाल्या, "भाऊ, माझे डोळे आपल्या हट्टानं गेले, असं त्यांना वाटायचं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, पैसा ओतला तरी नजर राहायची नाही. मी यांना किती वेळा सांगितलं! हे म्हणायचे, तू माझं मन राखायला बोलतेस..." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "एकदा तरी विश्वास ठेवायचा होता माझ्यावर." इतकी वर्षं त्या कानाशी चाललेल्या कुजबुजीत मी फक्त माया ऐकली होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. अन्वरनं शेवटी केलेला पिक्चर लागणार होता आणि जाहिरातीचा टेम्पो धुळ्यातून पार पारोळ्यापर्यंत फिरत होता. ट्रेलरमधला आवाजही त्यानंच दिलेला. दिग्दर्शकानं भाभींना विचारलं होतं म्हणे, आवाज बदलू का? त्यांनी नको म्हटलं होतं. अन्वर जवळ येत गेला... येत्या शुक्रवारी, सहकुटुंब या, पोराबाळांना आणा... त्याच जुन्या बाजारातल्या सुरात. भाभी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. टेम्पो दारावरून गेला, पुढच्या चौकात वळला, आणि आवाज घरांच्या मागून येऊ लागला, मग तोही येईनासा झाला. तरी भाभी हलल्या नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं,

"भाऊ, तो पारोळ्याकडे गेला असेल का आता?"

"हो," मी म्हणालो.

"लांब आहे," त्या म्हणाल्या, आणि दार तसंच उघडं ठेवून आत आल्या.