पंधरा जागांचा उन्हाळा

मार्चमध्ये बास्केटबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना हरून संघाची बस ऑस्बर्गला परत येत होती, तेव्हाच मार्लिस डेटमनच्या फोनवर पहिला निरोप आला. संघाची मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळवणारी, कॅमरिन कॉलेज सोडून दुसरीकडे खेळायला निघाली होती. निरोप पाठवणारी कॅमरिन मार्लिसच्या मागच्याच सीटवर बसली होती.

मार्लिसने मागे वळून पाहिलं. "अगं, मान जरा पुढे काढून सांगितलं असतंस तरी ऐकू आलं असतं मला."

"सॉरी, कोच डी," कॅमरिन खिडकीकडे बघत म्हणाली. "तोंडावर सांगायला कसंतरीच वाटतं हो."

तेव्हापासून मार्लिसचं डोकं जे तापलं, ते मक्याची कणसं भरेपर्यंत निवलं नाही.

मार्लिसला साठावं लागलं होतं. कॉलेजच्या महिला बास्केटबॉल संघाची ती सहायक कोच. पण बस ठरवणं, मोटेल ठरवणं, कुणाचा गुडघा दुखतोय आणि कुणाचं घरी भांडण झालंय हे बघणं, असं जे जे इतर कुणी करत नाही ते सगळं तिच्याकडे. आयोवातल्या खेड्यात ती लहानाची मोठी झाली, तेव्हा मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असायचा. तिघींनी फक्त टाकायचं, तिघींनी फक्त अडवायचं, आणि मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. मार्लिस अडवणाऱ्यांतली. शाळेच्या सगळ्या वर्षांत तिने एकही बास्केट केली नाही, आणि तरी शुक्रवारी संध्याकाळी तिचा खेळ बघायला अख्खं गाव दुकानं बंद करून यायचं. मुलगी एकदा संघात आली की शाळा संपेपर्यंत त्याच संघात, ही गोष्ट तिला सूर्य उगवण्याइतकी स्वाभाविक वाटत आलेली.

आता तसं राहिलं नव्हतं. ट्रान्सफर पोर्टल नावाची एक सोय निघाली होती. मुलीने त्यात नाव टाकलं की देशातलं कुठलंही कॉलेज तिला बोलावू शकतं, आणि पुढच्या हंगामात ती तिकडे खेळू शकते. कॅमरिननंतर एकेक करत आणखी सहा जणी गेल्या. एकीने तर जाताना मार्लिसला मिठी मारून विचारलं, "तिकडच्या कोचला माझ्याबद्दल चांगलं सांगाल ना?"

"सांगते की," मार्लिस म्हणाली. "सामानही पोचवू का?"

मुख्य कोच ब्रिन केसलर चौतिशीची. झपाझप चालणारी, झपाझप बोलणारी. लागोपाठ दुसरा हंगाम वाईट गेला होता आणि तिचा करार एकाच वर्षाचा उरला होता. सात मुली गेल्या तरी ती टाळ्या वाजवत म्हणाली, "छान! आता आपल्याला हवा तसा संघ बांधू."

आणि त्याच दमात तिने उरलेल्या मुलींसमोर ग्रेटा हूकस्ट्राला शिष्यवृत्ती जाहीर करून टाकली.

ग्रेटा तीन वर्षं स्वतःच्या खर्चाने खेळत होती. उंच, रुंद खांद्यांची फॉरवर्ड, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी; सरावात सगळ्यांना ढकलून हैराण करणारी आणि सामन्यात बहुतेक वेळ बाकावर बसणारी. गावाबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात काम करून ती फी भरायची. जाहीर झालं तशा मुलींनी किंचाळत तिच्या अंगावर पाण्याच्या बाटल्या ओतल्या. ग्रेटा ओलीचिंब होऊन कोपऱ्यात उभी राहून वडिलांना फोनवर एकच वाक्य परत परत सांगत होती, "नाही बाबा, थट्टा नाही, खरंच."

शिष्यवृत्त्या पंधराच होत्या. पूर्वी त्या पंधरांच्या पलीकडे ग्रेटासारख्या स्वखर्चाच्या दोन-तीन मुली ठेवता यायच्या. यंदापासून संघातच पंधरा, सोळावीला जागाच नाही. सात गेल्या, त्यामुळे जागा रग्गड होत्या. निदान मार्चमध्ये तरी तसं दिसत होतं.

एप्रिलपासून दर शनिवार-रविवारी नव्या मुली गाव बघायला येऊ लागल्या. त्यांना विमानतळावरून आणायचं मार्लिसने, जेवायला न्यायचं तेही मार्लिसच्याच घरी. तिचा नवरा व्हर्लिन मागच्या अंगणात जाडजूड पोर्क चॉप भाजायचा. एक मुलगी मांस खात नव्हती, एक गहू खात नव्हती, आणि एकीच्या आईने रुबार्बच्या आंबटगोड पाईचा फोटो काढला पण पाई तशीच ठेवली.

"ही तीच ना, गेल्या आठवड्यातली?" व्हर्लिन चिमटा हातात धरून हळूच विचारायचा.

"नाही रे. ती टेक्ससला गेली."

"मग ती हसरी?"

"ती येते म्हणाली, मग नाही म्हणाली, आता परत येते म्हणतेय."

"मार्ली, नावं सांगूच नकोस मला. चॉप किती ठेवायचे तेवढं सांग."

ऑफिसातल्या फळ्यावर प्रत्येक मुलीच्या नावाचं लोहचुंबक लावलेलं असायचं. नवी मुलगी हो म्हणाली की ब्रिन तिचं नाव वर चिकटवायची आणि ग्रेटाचं एक घर खाली सरकवायची. मार्लिसला ते दिसत होतं. एकदा तिने विचारलंही, "ग्रेटाचं नक्की ना?"

"हो हो, आहे ती," ब्रिन फोनवरून मान वर न करता म्हणाली.

मेच्या शेवटी ऑस्ट्रेलियाची एक सेंटर, म्हणजे थेट बास्केटखाली खेळणारी, मिळाली. साडेसहा फूट उंच. ब्रिन आनंदाने खुर्चीवर चढली. खाली उतरल्यावर मात्र तिने फळ्याकडे पाहिलं, आणि ग्रेटाचं चुंबक काढून टेबलावर ठेवलं.

"पंधरा झाल्या," ती म्हणाली. "मार्लिस, ग्रेटाला तेवढं सांगाल का? तुमचं जमतं तिच्याशी. मला दुपारचं विमान आहे."

"पाण्याच्या बाटल्या ओतायच्या होत्या तेव्हा तू होतीस की तिथे," मार्लिस म्हणाली. "गोड बातमी तुझी आणि कडू माझी, असं कुठे लिहिलंय का माझ्या करारात?"

ब्रिन बॅग भरता भरता थांबली. "यंदा हरलो तर तुम्ही इथेच राहाल. पुढचा कोच येईल, तुम्ही त्याच्याही बस ठरवाल. मी मात्र जाईन. मला ती सेंटर हवीच आहे, मार्लिस." तिचा आवाज जरा कापला, आणि मार्लिसला त्याचाही राग आला, कारण आता नीट ओरडताही येईना.

जनावरांच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये त्या दिवशी डुकराच्या पिलांना लस टोचणं चाललं होतं. ग्रेटा पिलाचे मागचे पाय पकडून त्याला उचलून धरत होती, डॉक्टर टोचत होते, आणि पिलं अशी केकाटत होती की पत्रे थरथरत होते.

"ग्रेटा, जरा बोलायचं होतं," मार्लिस म्हणाली.

"काय?"

"बोलायचंय!"

"बोला की! मी पिलू सोडू शकत नाही!"

"बाहेर ये जरा!"

"काय?"

मार्लिसचा संयम तिथे संपला. "अगं, तुझी जागा गेली म्हणते!" ती ओरडली, आणि नेमकं त्याच क्षणी पिलू गप्प झालं. डॉक्टरांनी सुई तशीच हातात धरून दोघींकडे पाहिलं.

ग्रेटाने पिलू अलगद खाली ठेवलं. बाहेर येऊन नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले.

"शिष्यवृत्ती गेली?"

"संघातली जागाच गेली. पंधरा भरल्या."

"कोच कुठे आहेत?"

"विमानात."

"मग तुम्ही का आलात?"

मार्लिसने गळत राहिलेला नळ घट्ट बंद केला.

"तुम्हाला कधी कळलं?" ग्रेटाने विचारलं.

"आज सकाळी."

"कोच डी, खरं सांगा."

मार्लिसने चिखलात रुतलेल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. "आज सकाळी नक्की कळलं. संशय एप्रिलपासूनच होता."

"मग एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत?" ग्रेटाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एप्रिलमध्ये मी कुठेतरी गेले असते! जायच्या त्या सगळ्या गेल्या, मी राहिले. तुम्हीच म्हणायचात ना, हल्लीच्या मुलींना निष्ठा नाही? मी ठेवली निष्ठा. हे बघा, काय मिळालं." तिने ओले हात पँटला पुसले आणि ती शेडमध्ये निघून गेली. पिलं पुन्हा केकाटू लागली.

मार्लिस आपल्या पिकअप ट्रकमध्ये जाऊन बसली. आधी तिने ब्रिनला शिव्या घातल्या, मग नियम करणाऱ्यांना, मग त्या ऑस्ट्रेलियाच्या पोरीला, जिने बिचारीने अजून आयोवा पाहिलंही नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर एकच माणूस शिव्या घालायचं उरलं. त्या माणसाला शिव्या घालून झाल्या, तेव्हा तिने फोन उचलला.

लिंड ग्रोव्हच्या छोट्या चर्च-कॉलेजात नोरीन पोलमन कोच होती. शाळेत दोघी एकाच संघात होत्या. मार्लिस अडवायची, नोरीन टाकायची.

"नोरीन, तुझ्याकडे फॉरवर्ड आहे का गं?"

"एक उंच मुलगी आहे. टेनिस खेळते. बास्केटबॉल अंगावर आला की डोळे मिटते."

"आणि जागांची मर्यादा?"

"मर्यादा?" नोरीन इतकी हसली की मार्लिसला फोन कानापासून दूर धरावा लागला. "अगं, मागच्या वर्षी सरावाला दहा जणी जमेनात म्हणून मी माझ्या भाचीला उभी केली होती. खेळाची शिष्यवृत्ती मात्र आमच्याकडे कुणालाच नसते. पोरीला मार्क बरे आहेत का?"

"फार बरे. जनावरांची डॉक्टर व्हायचंय तिला."

"मग अभ्यासावर मिळेल. पाठव."

पाठव म्हणणं सोपं होतं. ग्रेटाने आधी मार्लिसचे फोनच उचलले नाहीत. शेवटी व्हर्लिनने आपल्या फोनवरून केला. "मी व्हर्लिन. चॉप खूप उरलेत, ये घेऊन जायला," म्हणाला. ग्रेटा आली. मार्लिसने चॉपचा डबा पुढे केला आणि सरळ विषय काढला. ग्रेटा निम्मं ऐकून उठली, दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "बघून येते फक्त. हो म्हटलेलं नाही." त्यानंतर आठवड्याभरात तिने हो म्हटलं.

चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी होऊन गेल्यावर एका सकाळी ब्रिन डोनटचा डबा घेऊन ऑफिसात नाचतच आली. नाचण्यात थोडं रडूही होतं. ऑस्ट्रेलियाच्या सेंटरला एका मोठ्या विद्यापीठाने उचललं होतं. "जाऊ दे!" ब्रिन म्हणाली. "निदान एक बरं झालं. ग्रेटाची जागा मोकळी झाली. या वेळी मी स्वतः सांगते हं तिला."

"ती गेली," मार्लिस म्हणाली.

"कुठे?"

"लिंड ग्रोव्हला."

"लिंड ग्रोव्ह? तिथे कोण जातं? कुणी पळवलं तिला?"

"मी."

ब्रिनने डबा खाली ठेवला. "तुम्ही आपल्याच संघातली मुलगी फोडलीत?"

"तू तिला काढलं होतंस. काढलेल्या मुलीला फोडणं म्हणत नाहीत."

"मला विचारायचं तरी!"

"तू विमानात होतीस."

ब्रिन प्रकरण वर घेऊन गेली. क्रीडा विभागाच्या प्रमुखाने दोघींना समोर बसवलं, सगळं ऐकलं, कपाळ चोळलं आणि मार्लिसला विचारलं, "तुम्ही काही नियम मोडलात का?"

"शोधलात तर सापडेलही एखादा. रोज नवा निघतो."

त्याने शोधला नाही. हंगामाच्या सगळ्या बसेस कशा ठरल्यात हे मार्लिसखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते शिकायचंही नव्हतं. दोघी बाहेर आल्यावर मार्लिस म्हणाली, "आता तरी जा तिच्याकडे. जागा द्यायला नको, नुसतं बोलायला."

ब्रिन झपाझप आपल्या गाडीकडे निघून गेली. पण दोन दिवसांनी ती ऑफिसात आली तेव्हा तिच्या पांढऱ्या बुटांना शेडमधला चिखल लागला होता. "काय म्हणाली?" मार्लिसने विचारलं. "म्हणाली, ऐकलं मी, आता मला काम आहे," ब्रिन म्हणाली, आणि तिने खाली वाकून बूट काढले.

पंधरावी जागा शेवटी व्हॉलीबॉलच्या एका मुलीने भरली. संघ मागच्यापेक्षा थोडा बरा खेळला. ब्रिनला आणखी एक वर्ष मिळालं.

त्याच हंगामात, जानेवारीतल्या एका बुधवारी मार्लिस आणि व्हर्लिन बर्फातून गाडी हाकत लिंड ग्रोव्हला गेले. जिम इतकं लहान की पॉपकॉर्नचा वास मैदानभर. ग्रेटा पहिल्यापासून खेळत होती. तिने भराभर बास्केट केल्या, एका मुलीला आडवं केलं, पंचाशी हुज्जत घातली आणि पाचव्या फाउलला नियमाप्रमाणे बाहेर जाताना टॉवेल आपटला. मार्लिस उभी राहून पंचाच्या नावाने इतकं ओरडली की व्हर्लिनने तिचा कोट ओढून तिला खाली बसवलं.

सामना संपल्यावर ग्रेटा घामाघूम होऊन आली. "एवढ्या बर्फात आलात?"

"व्हर्लिनला पॉपकॉर्न हवे होते."

ग्रेटा हसली नाही, पण शेजारी बसली. "इथे मजा येते," ती म्हणाली. "पण मला ऑस्बर्गमध्येच खेळायचं होतं. ते अजून जात नाही मनातून."

"जाऊही नये," मार्लिस म्हणाली.

पुढच्या मार्चमध्ये हंगाम संपला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मार्लिसने ऑफिसचं दार उघडं टाकून मुलींना एकेक करून आत बोलावलं. ब्रिन शेजारच्या खुर्चीत, सुटकेची वाट न ठेवता, बसवलेली. कुणाला जागा आहे, कुणाला नाही, कुणाचं अजून सांगता येत नाही, सगळं स्पष्ट सांगून टाकलं. दोन मुली रडल्या, एक दार आपटून गेली, एकीच्या वडिलांनी फोनवर नको ते ऐकवलं. दुपारपर्यंत ब्रिनने कपाळाला हात लावला होता.

शेवटी आलेली मुलगी पहिल्या वर्षाची होती. तिचं नाव "सांगता येत नाही"मध्ये पडत होतं. ऐकून ती गोंधळली.

"मग मी थांबू की जाऊ, कोच डी?"

"ते मला नाही ठरवता येत, बाळ," मार्लिस म्हणाली. "मला जेवढं माहीत आहे तेवढं तुला सांगितलं. एप्रिलमध्ये जास्त कळलं तर त्याच दिवशी सांगेन."

मुलीने मान हलवली आणि खिशातून फोन काढला. मार्लिसने एक लांब सुस्कारा सोडला आणि बसवाल्याला फोन लावला, कारण पुढच्या हंगामात निदान बस तरी हवीच होती.