उंचावरची खुंटी

दुपारचं जेवण अंगावर आलंय आणि मी सर्जेरावांच्या लाकडी घरात फळ्यांच्या जमिनीवर आडवा झालोय. चढ चढून आल्यानं शर्ट घामेजला होता, तो काढून घडी उशाला घेतलीय. डोळे मिटतात, पण मन मिटत नाही. फणसाच्या लाकडाच्या भिंतींना मधासारखा रंग चढलाय, खिडकीतून दरीतलं धुकं चोरपावलांनी आत येतंय, आणि मला सारखं वाटतंय की हे माझं असायला हवं होतं.

सर्जेराव माझे साडू. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. गेल्या माघात गेले. माझी कोल्हापुरात लाकडाची वखार. अख्खा जन्म लाकडात गेला आणि राहतो मात्र सिमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर. ज्या माणसाला साग आणि शिसव यातला फरक कळत नव्हता, त्यानं आंबोलीच्या जंगलाकडेला दोन खोल्यांचं असं घर उभं केलं की बघणारा पायरीवरच थबकतो. मी त्याला खोकं म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो. वास्तुशांतीला जेवलो आणि ऊन उतरायच्या आत निघालो. नंतरही इथं कधी मुक्काम केला नाही.

आज आलोय ते मालननं बोलावलं म्हणून. मालन माझी मेहुणी, सर्जेरावांची बायको. जागेला गिऱ्हाईक आलंय. घर पाडून तिथं लॉज बांधायचा त्याचा विचार आहे. मुलं म्हणतात, विकून टाक. मालनचा जीव घरात अडकलाय, पण उद्या लाकूड दगा देणार असेल तर एकटीनं कशाच्या जिवावर राहायचं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे माझा शब्द तिनं शेवटचा मानलाय. मी काय सांगायचं ते येतानाच ठरवून आलोय. वाळवी लागलीय म्हणायचं. खोकंही जाईल आणि माझी पोटदुखीही.

सकाळपासून ठोकून ठोकून बघतोय. वाळवी सोडाच, एक भेग सापडत नाही. शेवटी एक खोट सापडली तेव्हा कुठं बरं वाटलं. दाराजवळच्या भिंतीवर तीन खुंट्या आहेत. दोन एका रेषेत, तिसरी उगाचच हातभर वर. चित्रकलेचे मास्तर, आणि साधी रेघ धरता आली नाही. मी गालातल्या गालात हसतो आणि कूस बदलतो.

कुणीतरी रंधा मारतंय. ढलप्या माझ्या कानाशी येऊन पडतायत.

"पाव्हणं, जरा सरका. तुमच्याखालची फळी पाहिजे."

सर्जेराव गुडघ्यांवर बसलेत. बाह्या दुमडलेल्या, कानावर पेन्सिल. ते गेलेत हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असणार, पण तो विषय कुणी काढत नाही. मी सरकतो. ते फळी उचलतात आणि खाली माझी वखार आहे. आम्ही खाली उतरतो. ओंडके नेहमीसारखेच रचलेत, फक्त त्यांना पानं फुटलीत, आणि करवतीच्या जागी एक झरा वाहतोय. सर्जेराव ओंजळभर पाणी पितात. माझ्या वखारीतलं पाणीसुद्धा हा माणूस माझ्याआधी पितो.

मग माझ्या मनात इतकी वर्षं सलणारं मी बोलून टाकतो. एवढं घर बांधलं आणि लाकूड दुसऱ्याकडून आणलं, बाजारात माझी शोभा झाली.

"तुमच्याकडनं घेतलं असतं तर तुम्ही फुकट दिलं असतं," सर्जेराव म्हणतात.

"मग?"

"मग जन्मभर सांगत फिरला असता, साडूचं घर माझ्या लाकडावर उभं आहे म्हणून."

हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच मला जास्त राग येतो. मी तरातरा वखारीचं दार उघडून बाहेर पडतो.

बाहेर सासुरवाडीचं माजघर आहे. धोंड्याचा महिना आहे. आम्ही दोघे जावई पाटांवर बसलोय आणि सासूबाई वाण देतायत. ताटात अनारसे, वर तेवता दिवा. माझी नजर शेजारच्या ताटात. त्यांचे अनारसे कसे जाळीदार पडलेत, माझे जरा करपलेले. सर्जेराव सरळ ताटं बदलतात. आता त्यांच्यापुढं गेलेले माझे अनारसे जास्त खुसखुशीत दिसायला लागतात.

"परत बदलू?" ते विचारतात.

सासूबाई तोंडाला पदर लावून हसतात. माझे कान तापतात. दिव्याभोवती धुकं जमायला लागतं, माजघराच्या भिंती मधाच्या रंगाच्या होत जातात, आणि आम्ही पुन्हा याच खोलीत असतो. दरीत कुठंतरी पाणी पडतंय. माझा हेवा उतू चाललाय. मी म्हणतो, "तुम्हाला कधी माझा हेवा वाटला नाही?"

"वाटला की. तुमच्या उंचीचा." ते अगदी सहज सांगतात. वर्गातल्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचा हात कधी पोचला नाही म्हणे, दरवेळी खुर्ची ओढावी लागायची आणि मागच्या बाकांवरची पोरं हसायची. बोलता बोलता ते स्टुलावर चढतात आणि भिंतीत खुंटी ठोकायला लागतात. तिसरी.

"रेघ चुकली, मास्तर," मी म्हणतो. मला आनंद झालाय.

"चुकली नाही. तुमच्या मापानं ठोकलीय." ते खाली उतरतात. "सागाची आहे. तुमच्या वखारीतनं एक तुकडा खिशात घालून आणला. मालनला सांगून ठेवलंय, हिच्यावर दुसऱ्या कुणाचं काही अडकवायचं नाही. पाव्हणं मुक्कामाला आले की लागंल."

ते माझ्या उशाकडं बोट दाखवतात.

"शर्ट तुम्हीच अडकवा. माझा हात पोचत नाही."

मी हात वर करतो.

जाग येते तेव्हा डोकं उघड्या फळीवर आहे. मान अवघडलीय. उशाला शर्ट नाही. तो दाराजवळच्या वरच्या खुंटीवर लोंबतोय.

मालन चहा घेऊन येते. मी विचारतो, शर्ट तू अडकवलास का. ती वर बघते आणि बघतच राहते.

"माझा हात कुठला पोचतोय तिथवर, दाजी?"

मी उठून खुंटी अंगठ्यानं घासून बघतो. जुना साग. भोवती सगळा फणस आणि मध्ये हा एवढाच साग, आणि सकाळपासून मी तो ओळखलासुद्धा नव्हता. मेल्यावरही हा माणूस माझ्या पुढंच. मालन कपबशी धरून उभी आहे आणि तिला काय विचारायचंय ते मला कळतं. वाळवी हा शब्द माझ्या जिभेवर तयार आहे.

"लाकूड ठणठणीत आहे," कडू काढा घेतल्यासारखा मी बोलतो. "तुझी नातवंडं म्हातारी झाली तरी काही होत नाही. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव."

तिचे डोळे भरतात. मग ती पदरानं तोंड पुसते आणि माझ्या एसटीची काळजी करायला लागते. स्टूल आणते, शर्ट काढून देते म्हणते.

"राहू दे तिथंच," मी म्हणतो. "सकाळी घालीन."